एका पौंडाचा वाघ

१.
७ सप्टेंबर १९३६ रोजी टास्मानियातील होबार्ट शहराच्या ब्यूमॅरिस प्राणिसंग्रहालयात एक वृद्ध मादी मरण पावली. तिच्या जातीचा दुसरा जीव त्यानंतर आजवर कोणाला निर्विवादपणे दिसलेला नाही. आजच्या धाग्यात तिची गोष्ट सांगायची आहे. ती सांगताना माझ्या आबांची, म्हणजे आजोबांची, एक गोष्टही सांगावी लागेल, कारण आमचे घराणे माण तालुक्यातल्या मेंढपाळांचे. या इतिहासात आपण कोणत्या बाजूला उभे आहोत, हे मला अजून नीट ठरवता आलेले नाही.

२.
प्रथम त्या प्राण्याची ओळख करून घेऊ. थायलसिन हे त्याचे शास्त्रीय वळणाचे नाव. आकार मध्यम कुत्र्याएवढा, अंगाचा रंग वाळूसारखा पिवळसर, पाठीच्या मागच्या भागापासून शेपटीच्या मुळापर्यंत काळपट आडवे पट्टे आणि शेपूट ताठ, जाड, कांगारूची आठवण करून देणारी. तोंडावळा कुत्र्याचा असला तरी त्याचा कुत्र्याशी काहीही नातेसंबंध नव्हता. तो शिशुधान प्राणी होता, म्हणजे त्याची मादी कांगारूप्रमाणेच पोटाच्या पिशवीत पिल्ले वाढवी. त्या पिशवीचे तोंड मात्र मागच्या बाजूला उघडत असे.

३.
युरोपीय वसाहतवाल्यांनी त्याला जी नावे दिली ती पाहा: टास्मानियाचा वाघ, टास्मानियाचा लांडगा, तरस. १८०८ साली जॉर्ज हॅरिस या वसाहतीतील अधिकाऱ्याने त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, त्यातही 'कुत्र्याच्या डोक्याचा' असेच विशेषण होते. हा प्राणी त्यांनी कधी पाहिलेला नव्हता, म्हणून त्यांनी आपल्या ओळखीच्या शत्रूंची नावे त्याला चिकटवली. एखाद्याला वाघ किंवा लांडगा म्हटले की त्याच्याशी कसे वागायचे हेही त्याच शब्दात ठरून जाते. टास्मानियाच्या मूळ रहिवाशांच्या पुनरुज्जीवित भाषेत, पलावा कानीमध्ये, त्याचे नाव आहे 'कपरुनिना'. त्या नावात कोणताही आरोप ऐकू येत नाही.

४.
एकेकाळी हा प्राणी ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरही होता. उत्तरेकडील काकाडू प्रदेशात उबिर येथील खडकावर प्राचीन माणसांनी काढलेले त्याचे चित्र आजही दिसते. मुख्य भूमीवरून तो सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी नाहीसा झाला. डिंगो या रानकुत्र्याचे आगमन, हवामानातील बदल आणि माणसांची वाढती संख्या ही त्याची कारणे अभ्यासक सांगतात. टास्मानिया बेट त्यापूर्वीच समुद्राने वेगळे झाले होते आणि डिंगो तिथे पोहोचलाच नाही. त्यामुळे या बेटावर थायलसिन टिकून राहिला, तो पुढे जहाजांतून मेंढ्या येईपर्यंत.

५.
ब्रिटिशांनी टास्मानियात पहिली वसाहत केली १८०३ साली. तेव्हा त्या बेटाचे नाव होते व्हॅन डिमेन्स लँड. १८२५ मध्ये लंडनमधील भांडवलदारांनी राजाची सनद मिळवून 'व्हॅन डिमेन्स लँड कंपनी' स्थापन केली. इंग्लंडच्या गिरण्यांना लोकर हवी होती आणि बेटाचा वायव्य कोपरा त्यासाठी कंपनीला मिळाला. जमीन रिकामी आहे असे कागदावर गृहीत धरले होते. प्रत्यक्षात तिथे माणसे राहत होती आणि प्राणीही.

६.
पुढच्या दोन घटना मी मुद्दाम शेजारी ठेवते. फेब्रुवारी १८२८ मध्ये केप ग्रिम येथे कंपनीच्या मेंढपाळांनी मूळ रहिवाशांची कत्तल केली. मृतांची संख्या सुमारे ३० सांगितली जाते. १८३० मध्ये त्याच कंपनीने थायलसिन मारून आणणाऱ्यास इनाम जाहीर केले. आणि त्याच १८३० च्या फेब्रुवारीत गव्हर्नर जॉर्ज आर्थर यांच्या सरकारनेही इनाम जाहीर केले: जिवंत पकडलेल्या प्रत्येक मूळ रहिवासी प्रौढामागे ५ पौंड आणि मुलामागे २ पौंड. पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मी वर्ष पुन्हा तपासून पाहिले. ते तेच होते.

७.
थायलसिनवर सरकारी इनाम यायला आणखी काही दशके लागली. १८८६ मध्ये जॉन लाइन या सदस्याने टास्मानियाच्या संसदेत तसा ठराव मांडला. मेंढ्यांचे प्रचंड नुकसान होत असल्याचा त्यांचा दावा होता. ठराव मंजूर झाला तो १२ विरुद्ध ११ मतांनी. एका मताने. इतिहासाच्या वर्गात आम्हांला 'दीर्घकालीन संरचनात्मक कारणे' शोधायला शिकवतात आणि ते योग्यच आहे. तरी त्या बाराव्या माणसाचा विचार माझ्या मनातून जात नाही.

८.
१८८८ पासून सरकार पैसे देऊ लागले: प्रौढ प्राण्यामागे १ पौंड, पिल्लामागे १० शिलिंग. १९०९ पर्यंत एकूण २,१८४ इनामे चुकती झाली. हा केवळ सरकारी आकडा. खासगी मेंढीमालक देत असलेली इनामे, कातड्यांचा व्यापार आणि प्राणिसंग्रहालयांची खरेदी त्यात नाही. १९०० साली १५३ इनामे दिली गेली आणि १९०९ साली फक्त २. खतावणीतले आकडे उतरू लागले याचा अर्थ मेंढीमालकांना दिलासा मिळाला असा घेतला गेला. मारायला प्राणीच उरले नाहीत, हा दुसरा अर्थ त्या वेळी फारच थोड्यांच्या लक्षात आला.

९.
आता आबांकडे येते. डिसेंबर १९३३ मध्ये डेव्हिड फ्ले या निसर्गअभ्यासकाने ब्यूमॅरिसमधील एका थायलसिनचे चित्रण केले होते. जेमतेम मिनिटभराची ती फीत आहे आणि २०२१ मध्ये तिला रंग देण्यात आले. प्राणी पिंजऱ्यात फेऱ्या मारतो, जांभई देतो, जबडा अविश्वसनीय इतका उघडतो, मग आडवा होतो. चित्रण चालू असताना त्याने फ्ले यांच्या पार्श्वभागाचा चावाही घेतला होता. गेल्या दिवाळीत गावी गेले असताना मी ती फीत आबांना फोनवर दाखवली. त्यांनी ती दोनदा पाहिली. मला वाटले, हळहळतील. त्यांनी विचारले, "मेंढरं किती खाल्ली गं ह्यानं?"

१०.
माझ्याकडे उत्तर नव्हते. मी त्या प्राण्यावर चार महिने वाचत होते. इनामाचे आकडे, तारखा, संसदेतील मते मला पाठ होती. पण ज्या आरोपाखाली त्याला मारले तो आरोप खरा होता का, हा साधा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. आयुष्यभर मेंढरांमागे चाललेल्या माणसाला तो पहिल्याच मिनिटाला सुचला.

११.
पुण्याला परतल्यावर शोध घेतला. रॉबर्ट पॅडल या अभ्यासकाने जुन्या नोंदी तपासून दाखवून दिले आहे की मेंढ्यांच्या नुकसानीची कारणे अनेक होती: मोकाट सुटलेले कुत्रे, मेंढ्यांची चोरी, वाईट हवामान, ढिसाळ व्यवस्था. थायलसिन मेंढी मारतच नव्हता असे नाही, पण त्याच्यावर घातलेला बोजा त्याच्या ताकदीबाहेरचा होता. २०११ मधील कवटीच्या अभ्यासात त्याचा जबडा लहान भक्ष्यासाठीच योग्य असल्याचे दिसले. २०२० मध्ये दुसऱ्या संशोधकांनी जतन केलेल्या नमुन्यांवरून त्याचे सरासरी वजन सुमारे १७ किलो असल्याचे मांडले. पूर्वी ते जवळपास ३० किलो धरले जात असे. ज्याला वाघ म्हणून मारले, त्याचे वजन आमच्या वाड्यावरच्या राखणीच्या कुत्र्यापेक्षा कमीच भरले असते.

१२.
मी हे आबांना फोनवर सांगितले. म्हणाले, "म्हंजी साहेबाच्या मेंढरांचा हिशेब लागंना, म्हनून त्याच्या नावावर घातला." मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. फोन कटला की काय असे वाटून मी हाक मारली. तेव्हा त्यांनी मला जे सांगितले ते घरात कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांची परवानगी घेऊनच ते इथे लिहिते आहे.

१३.
१९७२ च्या दुष्काळानंतरचे दिवस. निम्मी मेंढरे चाऱ्यावाचून गेली होती. उरलेल्यांपैकी चार कोकरे एका आठवड्यात लांडग्याने नेली. रात्री वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, लावून आणि कुत्री सोडूनही उपयोग होईना. तेव्हा वाड्यावरच्या तिघांनी माळावरची गुहा शोधली. मादी बाहेर होती, आत पिल्ले होती. त्यांनी गुहेचे तोंड दगडांनी बंद केले. आबा तेव्हा विशीत होते, म्हणजे आज माझे जे वय आहे त्याच्या आसपास. "तीन रात्री ती माळावर वरडत हुती," ते म्हणाले. "चवथ्या रात्री गप झाली. मला वाटलं, आता झोप लागंल. न्हाई लागली."

१४.
मी वसाहतकालीन मुंबई इलाख्यातील हिंस्र प्राण्यांवरील इनामांवर प्रबंध लिहिते आहे. तेच यंत्र आपल्याकडेही फिरत होते. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अभ्यासानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ब्रिटिश हिंदुस्थानात इनामासाठी ८० हजारांहून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले. या आकड्यांबद्दल लिहिताना मी नेहमी 'वसाहतवादी शासनाने' असा कर्ता वापरत आले. वाक्य त्यामुळे सोपे होई. मारणारा हात कोणाचा होता, हे त्या वाक्यात लिहावे लागत नसे.

१५.
म्हणजे कंपनी आणि आबा एकाच पंगतीत बसवायचे का? मला तसे वाटत नाही. कंपनीचे भागधारक लंडनमध्ये होते आणि त्यांच्या दृष्टीने थायलसिन हा ताळेबंदातील एक खर्च होता. आबांची चार कोकरे म्हणजे घरातले त्या वर्षीचे धान्य होते. कंपनीने दर ठरवला आणि जो कोणी डोके आणील त्याला पैसे दिले. आबांना कोणी पैसे दिले नाहीत. पुढे लांडग्याने कोकरू नेले की ते "त्याचं बी प्वाट हाय" एवढेच म्हणत, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या वाक्यामागे ती गुहा होती, हे मला आता कळले. हा फरक मला मोलाचा वाटतो. मात्र गुहेतल्या पिल्लांच्या दृष्टीने त्या फरकाला काही अर्थ नव्हता, हेही मला नाकारता येत नाही.

१६.
पुन्हा टास्मानियात जाऊ. १९१७ मध्ये या बेटाला राजचिन्ह मिळाले. त्यात ढालीच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले दोन थायलसिन आहेत. ढालीवर गव्हाची पेंढी, सफरचंद आणि हॉप्सची डहाळी, वीज आणि एक मेंढा. ज्याच्यासाठी त्यांना मारले, त्या मेंढ्याचे चित्र दोघांनी आजही तोलून धरले आहे. खाली लॅटिनमध्ये ब्रीद आहे, ज्याचा अर्थ समृद्धी आणि निष्ठा. हे चिन्ह मंजूर झाले तेव्हा थायलसिन जिवंत होता आणि त्याला कायद्याचे कोणतेही संरक्षण नव्हते.

१७.
१९३० मध्ये मॉबॅना येथे विल्फ बॅटी या शेतकऱ्याने एक थायलसिन गोळी घालून मारला. रानात मारल्या गेलेल्या थायलसिनची ती शेवटची निश्चित नोंद. सरकारने या जातीला पूर्ण संरक्षण दिले ते १० जुलै १९३६ रोजी. त्यानंतर ५९ दिवसांनी ब्यूमॅरिसमधील ती मादी मेली. दुसऱ्याच वर्षी ते प्राणिसंग्रहालयही बंद पडले. १९८२ मध्ये ही जात अधिकृतपणे नामशेष ठरली आणि १९९६ पासून ७ सप्टेंबर हा ऑस्ट्रेलियात संकटग्रस्त प्रजातींचा राष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो.

१८.
या गोष्टीचा सर्वांत विलक्षण भाग २०२२ चा आहे. अनेक दशके सर्वांना वाटत होते की त्या शेवटच्या प्राण्याचे अवशेष फेकून दिले गेले. पॅडल आणि संग्रहालयतज्ज्ञ कॅथरीन मेडलॉक यांना एका जुन्या अप्रकाशित अहवालात धागा सापडला. मृत प्राण्यांची कातडी टिकवणाऱ्या कारागिराने त्या वर्षीच्या आपल्या कामांत एका थायलसिनची नोंद केली होती. तिथून शोध घेत ते टास्मानियाच्या संग्रहालयातल्या एका कपाटापाशी पोहोचले. कातडे आणि सांगाडा दोन्ही तिथेच होते. ते शिक्षण विभागाच्या वस्तूंत जमा झाले होते, म्हणून मुख्य सूचीत त्यांची ओळख नव्हती.

१९.
तिला एलायस चर्चिल या फासेवाल्याने पकडून मे १९३६ मध्ये प्राणिसंग्रहालयाला विकले होते. जमिनीवर फास लावणे बेकायदा असल्याने खरेदीची जाहीर वाच्यता झाली नाही. म्हणून कागदोपत्री ती जवळजवळ नव्हतीच. 'बेंजामिन' या नावाने प्रसिद्ध झालेला शेवटचा थायलसिन ही १९६८ नंतर रूढ झालेली कहाणी आहे. फ्ले यांच्या फितीतला प्राणीही ती नव्हे. तिचे कातडे मात्र पुढे शाळाशाळांतून मुलांना दाखवायला नेले जाई. किती मुलांनी त्यावरून हात फिरवला असेल! त्यांच्या हाताखाली कोण आहे, हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते.

२०.
'शेवटचा' या शब्दाविषयी सावध राहायला मला याच बेटाने शिकवले. १८७६ मध्ये ट्रुगानिनी ही मूळ रहिवासी स्त्री होबार्टमध्ये वारली आणि टास्मानियाचे मूळ लोक नामशेष झाल्याचे जगाला सांगण्यात आले. तिच्या इच्छेविरुद्ध तिचा सांगाडा होबार्टच्या संग्रहालयात १९४७ पर्यंत प्रदर्शनात होता. १९७६ मध्ये, मृत्यूनंतर शंभर वर्षांनी, तिच्या अस्थी तिच्या लोकांच्या हातून समुद्रात विसर्जित झाल्या. तिचे लोक म्हणजे ज्यांना जगाने संपलेले ठरवले होते तेच. पलावा समाज आजही आहे आणि 'कपरुनिना' हा शब्द आज आपण उच्चारू शकतो तो त्यांच्यामुळे. नामशेष हा शब्द प्राण्याबाबत खरा ठरला आणि माणसांबाबत खोटा. दोन्ही वेळा तो लिहिणारे हात मात्र सारखेच निश्चिंत होते.

२१.
जे उरले आहेत त्यांच्याकडेही पाहू. टास्मानियन डेव्हिलवरही कंपनीने १८३० मध्ये इनाम लावले होते. त्याला १९४१ मध्ये संरक्षण मिळाले आणि तो वाचला. १९९६ मध्ये त्याच्या तोंडावरच्या गाठींचा संसर्गजन्य कर्करोग प्रथम नोंदला गेला, जो एकमेकांना चावण्यातून पसरतो. आता निरोगी प्राण्यांची राखीव संख्या वेगळी जपली जाते आणि २०१२ मध्ये मरिया बेटावर काहींना सोडण्यात आले. पश्चिम ऑस्ट्रेलियाचे राज्यचिन्ह असलेला नंबॅट थायलसिनच्या जवळच्या जिवंत नातलगांपैकी एक. त्याच्याही पाठीवर पट्टे आहेत आणि तो वाळवी खाऊन जगतो. डोंगरी पिग्मी पोसम तर केवळ जीवाश्मांवरून ठाऊक होता. १९६६ मध्ये तो माउंट हॉथमवर बर्फावरच्या खेळांसाठी आलेल्यांच्या एका झोपडीत जिवंत सापडला.

२२.
अशा पुनर्भेटींनी मन हरखते. पण दुसरी बाजूही आहे. १७८८ मधील ब्रिटिश वसाहतीनंतर ऑस्ट्रेलियाने ३० हून अधिक सस्तन प्राण्यांच्या जाती गमावल्या आहेत. टॉरेस सामुद्रधुनीतल्या एका चिमुकल्या प्रवाळबेटावर राहणारा ब्रॅम्बल के मेलोमिस हा उंदीर शेवटचा दिसला २००९ मध्ये. क्वीन्सलंडने तो संपल्याचे २०१६ मध्ये सांगितले आणि राष्ट्रीय सरकारने २०१९ मध्ये. वाढत्या समुद्राने त्याचे बेट वारंवार धुऊन काढले होते. त्याच्यावर कोणी इनाम लावले नव्हते. त्याला मारण्यासाठी कोणाला पहाटे उठून रानात जावेही लागले नाही.

२३.
थायलसिनच्या जतन केलेल्या पिल्लाच्या ऊतींवरून त्याचा जनुकीय आराखडा वाचला गेला आहे आणि त्याला पुन्हा निर्माण करण्याचे प्रयत्नही सुरू आहेत. आबांना हेही सांगितले. ते म्हणाले, "आन मेंढरं न्हेली तर परत मारत्यात का काय?" हा प्रश्न मी थट्टेवारी नेला नाही. आमच्या माळावरच्या लांडग्यालाही १९७२ च्या कायद्याने संरक्षण आहे, पण कोकरू गेलेल्या मेंढपाळाला वेळेवर भरपाई मिळाली नाही, तर गुहेपाशी दगड पुन्हा गोळा होतील. हे मला आता कोणत्याही दप्तरातून शोधावे लागत नाही.

२४.
प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणातील ती कर्ता लपवणारी वाक्ये मी आता पुन्हा लिहिते आहे. काम सावकाश चालले आहे. तुमच्यापैकी कोणाच्या घरी मेंढपाळ, गुराखी किंवा शिकारी असतील, तर त्यांना एकदा विचारा. जे घडले ते, निवाडा न करता, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. सरकारी खतावणीत डोक्यांची संख्या मिळते. तीन रात्री माळावर कोण ओरडत होते, हे तिच्यात नसते, आणि ते सांगू शकणारी माणसे आता थकली आहेत.

धागा समाप्त. आबांना तो आज संध्याकाळी वाचून दाखवणार आहे.